भाऊजींचं एक लिटर

मंगळवार पेठेतील तमाम हॉकीप्रेमी नागरिक, आजी-माजी खेळाडू, पंच, हितचिंतक आणि महिपती गवळ्याच्या दोन्ही म्हशी यांना कळविण्यात येते की, आपल्या संघाच्या रोजच्या बारा लिटर दुधापैकी एक लिटर दूध आजपासून पिणाऱ्याविना शिल्लक राहिले आहे. बाब अत्यंत गंभीर असून सर्वांनी तिची नोंद घ्यावी.

भाऊजी, हा मजकूर मी तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिला होता. सुवाच्य अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारून. तुम्ही गेल्याची बातमी लिहायला म्हणून माझ्या हातात खडू दिला होता आणि हातून हे उतरलं. चौघेजण वाचत उभे राहिले. एकानं चष्मा काढून डोळे पुसले, दुसरा फिसकन हसला, आणि तुमचे थोरले भाऊ, म्हणजे माझे यजमान, मागून येऊन म्हणाले, "अगं, माणूस गेलाय. दूध न्हाय." मग मी ते पुसलं आणि रीतसर बातमी लिहिली. रीतसर बातमीत तुमचं वय होतं, पत्ता होता, रक्षाविसर्जनाची वेळ होती. तुम्ही मात्र त्यात कुठंच नव्हता. पुसलेल्या बातमीत होता.

बाहेरगावच्या पाहुण्याला आपली लीग समजावून सांगायला तुम्हाला किती आवडायचं! "पावणं, बसा," म्हणून सुरुवात व्हायची आणि पाहुण्याची एसटी चुकायची. आता ते काम माझ्याकडे आलंय, आणि मला तुमच्याइतका पल्लेदार आवाज नाही.

सहा वर्षांपूर्वी एका संघानं आपला सेंटर फॉरवर्ड मोटारसायकल देऊन पळवला. त्यावरून लीगची बैठक भरली. सगळे पैशावर मर्यादा घाला, मर्यादा घाला म्हणत होते, आणि ती मर्यादा चोरून कशी मोडायची याचा हिशेब प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता. तेव्हा तुम्ही खुर्चीवर चढलात. बसलात नव्हे, चढलात. "पैसा बंद! गाडी बंद! खेळाडूला मानधन दुधात द्यायचं. खिशात कितीबी मावतंय वो. पोटात मावतंय का, बघू की!"

आणि ते मंजूर झालं. कोल्हापूर आहे हे; दुधाच्या ठरावाला विरोध करायला उठणार कोण? प्रत्येक संघाला हंगामाचे सहा आठवडे रोज बारा लिटर. त्यात खेळाडू, प्रशिक्षक, मॅनेजर सगळे आले. ज्याचं जेवढं माप ठरेल ते त्यानं मैदानाच्या फाटकाशी, महिपतीच्या म्हशीसमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत प्यायचं, म्हणजे विकायची भानगड नको. एकदा ठरलेलं माप हंगामात कमी करायचं नाही. ज्याचं नाव दुधाच्या वहीत नाही त्यानं मैदानाच्या आत पाऊल टाकायचं नाही, मग तो कुणी का असेना. आणि हंगामाच्या मध्यावर एका रविवारी खेळाडूंची अदलाबदल.

नियम झकास होते. फक्त एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नव्हती. दूध सायंकाळी पाच वाजता, असं तुम्ही लिहून ठेवलंत, आणि सामने असायचे साडेपाचला.

पहिल्या वर्षी आपण चार लिटर देऊन आणलेला तो सेंटर फॉरवर्ड आठवतो? चेंडू यायच्या आधी त्याचा ढेकर यायचा. चौथ्या सामन्यात तो डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, कडेला बसलाच. पंचानं शिट्टी वाजवली, तर हा म्हणाला, "वाजवा, मला उठता येत न्हाय." जेवढा मोठा खेळाडू तेवढं जास्त दूध, आणि जेवढं जास्त दूध तेवढा तो निकामी. जगात कुठल्याही खेळात मानधन वाढवल्यावर माणूस त्याच संध्याकाळी बिघडत नसेल. चूक तुमची होती. वेळ बदलायला एक ओळ पुरली असती. सहा वर्षांत तुम्ही ती चूक कबूल केली नाही. म्हणायचात, "चूक कसली? त्यातच तर डोकं लागतंय!"

आणि खरंच, आपलं डोकं त्यातच लागलं. हा गडी दीड लिटरला वाघ आहे, दोनला बैल होईल. त्याला अर्धाच द्या, पण दाट द्या. मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या बाकावर, मध्ये भडंगाचा पुडा ठेवून, आपण माणसं मापली. शाळेत मुलींना पीटी शिकवणारी मी आणि हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकणारे तुम्ही. लोकांना वाटायचं, दीर-भावजय वाटणीवरून भांडतायत.

माझं माप पाव लिटर, मॅनेजर म्हणून. आणि मला दुधाचा वास सहन होत नाही, हे त्या मैदानावर फक्त तुम्हाला ठाऊक होतं. रोज पाचला तुम्ही माझ्यासमोर आडवे उभे राहायचात, "वैनी, तो बघा कसला फ्लिक मारतोय!" म्हणून भलतीकडे बोट दाखवायचात, सगळ्यांच्या माना तिकडे, आणि माझा पेला तुमच्या हातात. प्रशिक्षक म्हणून तुमचं एक आणि माझं पाव, सव्वा लिटर. सहा वर्षं! कुणाला पत्ता नाही. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी सराव सुरू झाला आणि महिपतीनं पेला पुढे केला, तेव्हा मी अगदी सवयीनं डावीकडे बघितलं. मग नाक धरून प्यायले. तुमच्या जाण्यानं झालेलं पहिलं प्रत्यक्ष नुकसान ते. रडू त्यावेळी आलं. सगळ्यांना वाटलं, दु:खानं आलं. निम्मं दुधानं होतं.

आता दिग्यावर येते. त्यावर आलं नाही तर तुम्ही हे पुढे वाचणार नाही.

"वैनी, दिग्या पायजे."

"कुठला दिग्या?"

"कुठला म्हंजे? कॉर्नर मारणारा. बाजीरावाचा."

बाजीराव म्हणजे आपल्याला तीन वर्षं सलग उपांत्य फेरीत हरवणाऱ्या संघाचे मॅनेजर, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे इतरही वाचतील. आणि दिग्या म्हणजे फाउंड्रीत काम करणारा त्यांचा तो दांडगा गडी. पेनल्टी कॉर्नर मिळाला की त्यालाच मारायला लावतात, आणि त्यानं काठी उचलली की गोलकीपर आधी डोळे मिटतो. माप तीन लिटर. बदल्यात बाजीरावांना हवा होता आपला पिन्या. उजवीकडून वाऱ्यासारखा सुटणारा, दिवसा रिक्षा चालवणारा, माझा लाडका पिन्या. माप दोन लिटर.

मी म्हटलं, "कॉर्नर आपोआप मिळतात का? पिन्या पळून आत घुसतो म्हणून मिळतात. तो देऊन दिग्या आणला तर दिग्या मारणार काय? हवा?"

तुम्ही म्हणालात, "पिन्यानं यंदा ढिगानं कॉर्नर आणलं. गोल किती झालं? वैनी, वाढपी झकास हाय आपला. जेवायलाच कोण न्हाय."

मी म्हटलं, तीन लिटर पिऊन तो दिग्या म्हशीसारखा वळतो. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला तेव्हा पटलं नाही, आता रोज आठवतं. "दूध कुणाला जड हुतंय? पळणाऱ्याला. दिग्याला कुठं पळायचंय? त्यानं यायचं, उभं ऱ्हायचं, हाणायचं, जायचं. उलट तीन लिटरनं पाय रोवून ऱ्हातोय गडी! आणि पिन्याला तुम्ही लाडानं दोन लिटर दिलंसा. पळणाऱ्याला दोन! एक दिलं असतं तर दुप्पट पळाला असता."

लागलं मला ते. खरं होतं म्हणून लागलं. मग मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले. पिन्याचे दोन गेले, दिग्याचे तीन आले, बेरीज तेरा. मर्यादा बारा. कुणाचं माप कापता येत नाही. "बसत नाही," मी म्हटलं आणि भडंगाचा पुडा माझ्याकडे ओढला. जिंकल्यावर मी ओढते तसा.

तुम्ही खिशातून कागद काढलात. त्यावर बाजीरावांची सही! मिसळ खाता खाता घेतली होतीत. ते हसत म्हणाले होते म्हणे, "घ्या सही. तेरा लिटर बारात बसवून दावा, दिग्या तुमचा." त्यांनाही गणित येतं. बसणार नाही याची खात्री होती म्हणून तर सही दिली. लीगचा नियम असा की सही झाली की अदलाबदलीच्या रविवारपर्यंत ती मोडता येत नाही. तुम्ही तो कागद माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "मग माझं लिटर काढा."

"काय?"

"माझं नाव वहीतनं काढा. बारा हुतंय."

"मग तुम्हाला आत उभं राहता येणार नाही."

"जाळीभाईर हुबा ऱ्हातो की. वरडायला जाळी आडवी येतीया व्हय?"

आणि मी म्हटलं, "नियमात बसत नाही. हंगामात प्रशिक्षक बदलता येत नाही."

भाऊजी, असा नियम नाही. तुम्हाला ते ठाऊक असणारच, नियम तुम्हीच लिहिलेले. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बरं." बास. सहा वर्षांत तुम्ही मला एकदाही नुसतं "बरं" म्हणाला नव्हता. प्रत्येक "बरं"नंतर एक "पर" असायचा. त्या दिवशी पुडा तसाच ठेवून स्कूटर सुरू केलीत. मंगळवार होता तो. गुरुवारी दुपारी दुकानातून फोन आला.

खोटं का बोलले, ते आता सांगते. गणिताचं काही नव्हतं, पिन्याचंही फारसं नव्हतं. तुम्ही जाळीबाहेर गेला असता तर त्या बाकावर मी एकटी उरले असते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी हॉकी स्टिक ट्रंकेच्या तळाशी होती, साड्यांखाली. ती तुम्हाला सापडली. तुम्ही ती घेऊन स्वयंपाकघरात आलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "वैनी, लेफ्ट का राइट?" मी पीठ मळता मळता म्हटलं, "राइट हाफ." त्यानंतर या गावात माझ्याशी हॉकीवरून मनापासून भांडणारं माणूस एकच. ते जाळीबाहेर पाठवायचं? एका कॉर्नरवाल्यासाठी? म्हणून नियम रचला. तुम्ही "बरं" म्हणालात तेव्हा हे कारण कळून म्हणालात की न कळता, याचं उत्तर मला मिळणार नाही. तेवढं सोडून बाकी सगळ्याची मी समजूत काढली आहे.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर अर्धी लीग आली होती. बाजीराव बुलेटवरून आले आणि लहान मुलासारखे रडले. "वैनी, काय लागंल ते सांगा," म्हणाले. मी मनाशी ठरवून गेले होते. कावळा काही लवकर नैवेद्याला शिवणार नाही, लोक मुलांचं बघू, दुकानाचं बघू म्हणतील, तरी शिवणार नाही, मग मी पुढे होऊन म्हणेन, "दिग्याला घेतो." आणि तो शिवेल. म्हणजे निर्णय तुमचा ठरेल, माझ्यावर काही नको. कसला कावळा आणि कसलं काय! नैवेद्य ठेवून माणसं चार पावलं मागे सरताहेत तोवर झडप घालून मटणाचा तुकडा घेऊन गेला. तुम्हाला धीर कधी होता? घाटावर सगळे हसले, रडता रडता. मी एकटी चिडले. मला तोंडच उघडू दिलं नाहीत. म्हणजे ठरवायचं मलाच.

कारण गणित आता बसत होतं. तुमचं एक लिटर मोकळं झालं होतं. हे मला फळ्यासमोरच कळलं होतं, म्हणून तर तो मजकूर उतरला. माणूस जाऊन दोन तास झालेत आणि माझ्या डोक्यात तेरा वजा एक! लाज वाटली. नंतर वाटलं, तुमचं डोकंही त्याच वेळी तेच करत असणार.

सोमवारी महिपतीनं सवयीनं बारावं लिटर मापलं. चरवी कठड्यावर ठेवली आणि मग त्याच्या लक्षात आलं. सगळे खेळाडू तिच्याभोवती उभे. कुणी हात लावेना. कुणीतरी म्हणालं, काकांची जागा तशीच ठेवूया, हंगामभर. रोज हे लिटर मापायचं आणि म्हशीला पाजायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होते. तेवढ्यात मला तुमचा चेहरा दिसला. म्हशीचं दूध म्हशीला पाजताना बघून तुम्ही काय बोलला असता ते इथं छापता येणार नाही. जागा तशीच ठेवली तर तुम्ही हरता. भरली तर तुमच्या बाकावर, वहीतल्या तुमच्या ओळीवर, दिग्या बसतो. तीन लिटरातलं तिसरं कुणाचं आहे हे मला रोज पाच वाजता दिसणार. आठवडाभर मी दोन्ही बाजूंनी तुमच्याशी भांडले. तुमच्या बाजूनंही मीच. फार दमले.

शनिवारी सकाळी रिक्षा स्टॉपवर गेले. "पिन्या, तुला देतेय."

"कुठं?"

"बाजीरावांकडं."

तो आरसा पुसत राहिला. "दोन लिटर ऱ्हातंय न्हवं?"

"राहतंय."

"मग जातो की." फडकं ठेवून म्हणाला, "पर मॅडम, काका असतं तर चार शिव्या हासडून धाडलं असतं. तुम्ही नुसतंच सांगताय. कसंतरीच वाटतंय."

मग मी इकडे तिकडे बघितलं, शाळेतलं कुणी नाही याची खात्री केली आणि तुमच्या चारांतल्या दोन दिल्या. बाकीच्या दोन माझ्यानं होईनात. पिन्यानं डोळे पुसले आणि मला शाळेपर्यंत फुकट सोडलं. अजूनही सांगते, पिन्या देणं चूक आहे. कॉर्नर आणणार कोण, याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. ते भांडण मिटलेलं नाही, मिटवायचा माझा विचारही नाही.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक. टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो, शेजारी दुधाची वही. दोन मिनिटं स्तब्धता झाली. अध्यक्ष उभे राहिले. ते म्हणाले, "या लीगच्या जन्मदात्याच्या स्मरणार्थ त्यांचं एक लिटर मर्यादेबाहेर, त्यांच्या नावानं कायम ठेवावं, असं मी सुचवतो." टाळ्या पडल्या. बाजीराव सगळ्यात जोरात वाजवत होते, आणि मनापासून.

मोह झाला, भाऊजी. नाव वहीत राहिलं असतं आणि दिग्याही आला असता. सगळंच मिळत होतं. पण गेल्या हंगामात एका संघानं खेळाडूचं लग्न झालं म्हणून पाव लिटर सवलत मागितली, तेव्हा तुम्ही बैठक सोडून चालते झाला होता, चपला विसरून. बारा म्हणजे बारा. मी उठले आणि म्हटलं, "त्यांनी घातलेली मर्यादा त्यांच्याच नावानं मोडायची नाही. नाव कमी करा." वही माझ्यासमोर सरकवली. तुमच्या नावावर रेघ मारायला मॅनेजरची सही लागते. फळ्यावर दुहेरी रेघ मारणारी मी, तिथं एक मारताना हात दोनदा थांबला. मारली.

अध्यक्षांनी विचारलं, आपल्या संघाकडून काही अदलाबदल? मी पर्समधून कागद काढला आणि उभ्यानं वाचला. पिन्या, दोन लिटर, जाणार. दिग्या, तीन लिटर, येणार. एकूण बारा. समोरच्या संघाची सही आधीच झालेली आहे.

बाजीरावांचा रुमाल डोळ्यांपाशीच थांबला. त्यांनी कागद घेतला, स्वतःची सही उलटसुलट करून बघितली, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मग टेबलावरच्या तुमच्या फोटोकडे बघितलं. आणि आपण शोकसभेत आहोत हे साफ विसरून, कपाळावर हात मारत, ते मोठ्यानं म्हणाले,

"आयला! जाता जाताबी गंडवून गेलं की बेणं!"